दिवसा वाचायची पुस्तकं

पुस्तक वर्गात मोठ्यानं वाचायचं असलं, तर ते डोळ्यांनी निवडून भागत नाही, तोंडानं निवडावं लागतं. ट्रेनिंग कॉलेजात आम्हांला फळा कसा पुसावा इथपासून सगळं शिकवलं होतं, पण मुलांपुढे काय वाचावं याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. ते मी शिकले शहापूरला, तालुक्यातल्या शिक्षकांची महिन्याची सभा संपल्यावर, एका लाकडी पेटीपुढे बसून.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. माझी पहिली नेमणूक किन्हवलीच्या पलीकडे, मुरबाडच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात झाली होती. शाळा दोन खोल्यांची. मुख्य गुरुजी त्याच गावचे, घरची भातशेती असलेले, वयानं माझ्या वडलांएवढे. त्यांना लहान मुलांत करमायचं, म्हणून पहिली-दुसरी त्यांनी स्वतःकडे ठेवली होती आणि तिसरी-चौथी माझ्या हवाली केली होती. मी कल्याणची. अंगात उत्साह मावत नव्हता आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

ती पेटी तालुक्याच्या कचेरीत असायची. सभा आटोपली की ती उघडायची आणि ज्यानं त्यानं आपल्या शाळेसाठी पुस्तकं न्यायची. बहुतेक मंडळी वरची चार पातळ पुस्तकं उचलून एस.टी. पकडायला पळत. पिशवीला ओझं नको, एवढाच त्यांचा विचार. मी मात्र एकेक पुस्तक घेऊन ओसरीवर जायची आणि पहिलं पान खड्या आवाजात वाचून बघायची. वाक्य एका दमात निघतं का, वाचताना आवाज आपोआप चढतो-उतरतो का, आणि पान संपल्यावर पुढचं उलटल्याशिवाय राहवतं का, एवढंच बघायचं. जे पुस्तक वाचताना मलाच जांभई आली, ते परत पेटीत. डोळखांबकडचे एक मास्तर मला म्हणाले, "बाई, पोथी लावलीत काय? प्रसाद कधी मिळायचा?"

"आरती झाल्यावर," मी म्हटलं आणि वाचत राहिले.

त्या दिवशी मला एक कादंबरी सापडली. जाडजूड, पाठ उसवलेली. दोन भावंडं आपल्या लंगड्या बैलाला घेऊन घाट चढायला निघतात, कारण वर देशावर जनावरांचा एक नावाजलेला वैद्य आहे. बस, एवढीच गोष्ट. पण पहिल्या पानाची वाक्यं अशी होती की वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ओसरीवर बसूनच मी तीन-चार पानं वाचून काढली. माझी एस.टी. चुकली ती चुकलीच.

पेटी सांभाळणाऱ्या कारकुनाचा एक नियम होता. गोष्टीचं एक पुस्तक नेलं की माहितीचं एक न्यायलाच हवं. त्यावरून मी त्याच्याशी हुज्जत घातली. माहितीची पुस्तकं म्हणजे मला ताटातलं कारलं. पण तो बधेना. मी कादंबरी आणि छोट्या गोष्टींचं एक पुस्तक घेतलं होतं, त्यामुळे माहितीची दोन घ्यावी लागली. एक होतं शहराला पाणी कुठून येतं याचं आणि दुसरं पृथ्वीच्या टोकावरच्या थंड मुलखाचं. ती मी ना डोळ्यांनी निवडली ना तोंडानं. हाताला आली ती पिशवीत कोंबली.

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर मी कादंबरी उघडली. आदल्या रात्री आरशापुढे तालीम केली होती. पहिलं वाक्य वाचलं, जरा थांबले आणि मुलांचे चेहरे बघावेत म्हणून मान वर केली. सबंध वर्ग दोन्ही कानांत बोटं घालून बसला होता.

एखाद्यानं चेष्टा केली असती तर त्याला मी सरळ केलं असतं. इथे तिसरी-चौथीची झाडून सगळी मुलं, कोपरं वर करून, गंभीर चेहऱ्यानं बसलेली. मी आवाज चढवला. त्यांनी तोंडानं गुणगुणायला सुरुवात केली, म्हणजे माझा आवाज बोटांतूनही शिरायला नको.

"हा काय प्रकार आहे?" मी पुस्तक टेबलावर आपटलं.

चौथीचा मॉनिटर उभा राहिला. बोलण्यापुरतं त्यानं एका कानातलं बोट काढलं. "बाई, दिवस हाय."

"मग?"

"दिवसा गोष्ट आयकली का मामा वाट चुकतो."

मला हसू फुटलं. आमच्याकडेही म्हाताऱ्या बायका असं म्हणत. दिवसा कामाच्या वेळी मुलांनी गोष्टींसाठी भंडावून सोडू नये, म्हणून कुणीतरी काढलेली युक्ती असणार. आम्ही ती हसण्यावारी नेत असू. मी म्हटलं, "तुम्हां सगळ्यांचे मामा आज बाहेर पडलेत का रे?" वाटलं, मुलंही हसतील. एकही हसलं नाही. सगळ्यांनी खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीकडे बघितलं आणि तिनं मान खाली घातली.

शाळा सुटल्यावर मी तणतणत गुरुजींकडे गेले. ते ओसरीवर पान जमवत बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरता कातरता म्हणाले, "रागवू नका. ती पोरगी वाडीवरची."

वाडी म्हणजे गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे असलेली झोपड्यांची वस्ती. तिथल्या कुणालाच जमीन नव्हती. पावसाळ्यात लोकांच्या शेतावर लावणी-कापणी करायची आणि दिवाळी झाली की पोराबाळांसकट वीटभट्टीवर निघायचं. या मुलीला एकच मामा. तो मुंबईला गोदीत हमाली करायचा आणि दर भाऊबीजेला न चुकता बहिणीकडे यायचा. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ही पोरगी भर दुपारी धाकट्या भावाला निजवायला गोष्ट सांगत बसली होती. आई मोळी घेऊन आली, तिनं ऐकलं आणि जाता जाता म्हणाली, "दिवसा गोष्टी सांगतंस गो? मामा वाट चुकंल ना." सगळ्याच आया म्हणतात तसं म्हणाली आणि विसरली. त्या भाऊबीजेला मामा आला नाही.

पुढे कुणीतरी निरोप आणला की तो बोटीवर भांडी घासायला लागलाय आणि बोट परदेशी गेलीय. त्यानंतर काही कळलं नाही. मामाला लिहिता येत नव्हतं, बहिणीला वाचता येत नव्हतं. त्या वर्षी सगळी वाडी भट्टीवर गेली, पण ही बाई गेली नाही. भाऊ आला आणि दाराला काटी लावून घर बंद दिसलं तर काय करेल, म्हणून ती लेकरांना घेऊन मागेच राहिली. लोकांच्या खळ्यावर भात पाखडून दिवस काढले. ती मागे राहिली म्हणून पोरगी वर्षभर शाळेत टिकली.

"पोरीनं मनाशी धरलंय का आपल्यामुळं मामा चुकला," गुरुजी म्हणाले. "बोलत नाय कुणाशी. पण पोरांना ठावं हाय. आणि पोरांनी ठरवलंय का तिचा मामा आपल्यापायी आणखी लांब जायला नको."

माझा राग कुठच्या कुठे गेला. आठ-नऊ वर्षांची पोर एवढं ओझं घेऊन रोज माझ्या वर्गात बसत होती. आणि बाकीची मुलं, जी एरवी पाटीच्या तुकड्यावरून एकमेकांची डोकी फोडत, ती तिच्यासाठी गोष्टीवर पाणी सोडून बसली होती. मला त्यांना रागवावं की कवटाळावं कळेना.

गुरुजींनी विडा तोंडात सारला. "तुमच्याकडं खरी पुस्तकं नायत का? खऱ्याला कसली मामाची भीती?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, "आज गोष्ट नाही. आज खरं पुस्तक." बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. मॉनिटरनं विचारलं, "खरं कशावरनं?"

मी पाण्याचं पुस्तक उघडलं. मुंबईच्या नळाला पाणी येतं ते दूरच्या तलावांतून येतं, असं वाचून मी पुढच्या ओळीवर गेले आणि माझा मलाच धक्का बसला. तिथे छापलं होतं, तानसा. मी न बघता पिशवीत कोंबलेल्या त्या कारल्यात आमच्याच तालुक्याचा तलाव होता. मी ते नाव पुन्हा मोठ्यानं वाचलं. तिसरीतला एक मुलगा ताडकन उभा राहिला. "मी बगितलाय. आमची आत्या दिलीय तिकडं. मोठाले नळ हायत, माणूस आतून चालंल एवढे."

झालं. वर्गाला साक्षीदार मिळाला आणि पुस्तक खरं ठरलं. मग सगळे पुढे सरकत सरकत माझ्या टेबलाला भिडले. पाणी मुंबईपर्यंत वाहत जातं तर वाटेत संपत कसं नाही, नळ फुटला तर काय, मुंबईची माणसं आपलं पाणी पितात हे त्यांना माहीत आहे का, असे प्रश्न आले. मला निम्म्यांची उत्तरं येत नव्हती आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं, कारण इतकी मजा मला त्या शाळेत तोवर कधी आली नव्हती.

त्या दिवसापासून रीत पडली. पुस्तकात नवं काही आलं, की ते बघितलेलं माणूस हवं. गावातला एक जण आसनगावहून रोज गाडीनं कल्याणला कामाला जायचा. त्याच्या सुट्टीच्या दिवशी मुलं त्याला धरून शाळेत घेऊन आली. मुंबईचा नळ आणि समुद्र दोन्ही त्यानं बघितले होते. तो वर्गापुढे हात बांधून उभा राहिला. "समुद्र खारा हाय. मी चाखलाय. आता सोडा मला, येका दिवसाची सुट्टी, टाइम नाय." समुद्र मंजूर झाला.

पाण्याचं पुस्तक संपलं आणि मी थंड मुलखाचं काढलं. आता ते मी आधी तोंडानं वाचून बघितलं होतं आणि कारल्याची चव मला आवडायला लागली होती. बर्फ वर्गानं कसाबसा मान्य केला, कारण कल्याणला कामाला जाणाऱ्या त्या माणसानं तिथे बर्फाची लादी हाताळली होती. पण पुढच्या पानावर आलं की त्या टोकावर सहा महिने सूर्य मावळतच नाही आणि नंतर सहा महिने उगवत नाही. मी वाक्य पुरं करायच्या आत सगळी बोटं कानात गेली.

"अरे, खरं आहे हे," मी ओरडले.

"बाई, ही गोष्ट हाय," मॉनिटर म्हणाला. "सुर्य मावळत नाय असं कुटं असतं?"

"छापलंय इथे."

"छापलेला तर लंगडा बैल पण हाय."

पृथ्वीच्या टोकाला जाऊन आलेला माणूस मी कुठून आणणार होते? आमच्या गावातलं कुणी पुण्यालाही गेलेलं नव्हतं. मी घरी गेले, जेवले, आणि एकदम डोक्यात आलं, की माणूस नाही तर निदान पृथ्वी तरी आणता येईल.

भादवा सरत आला होता. गुरुजींच्या मांडवावर मोठाली तवशी, म्हणजे पावसाळ्यातल्या त्या जाड काकड्या, लोंबत होत्या. त्यातलं एक गोल, पिवळं पडलेलं तवसं मी मागून आणलं. त्यातून एक काठी आरपार खुपसली. वर्गाची दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि मधोमध जमिनीवर कंदील ठेवला. "हा सूर्य," मी म्हटलं, "आणि ही तवशाची पृथ्वी. कुणी फिरवायची?"

सगळ्यांनाच फिरवायची होती. मी काठी त्या खिडकीजवळच्या मुलीच्या हातात दिली. तिला सांगितलं की काठी दाराकडे तिरपी धर, तवसं जागच्या जागी गरगर फिरव आणि तशीच कंदिलाभोवती चाल. आधी ती दर पावलाला काठी कंदिलाकडे वाकवायची. मग मुलंच ओरडायला लागली, "दाराकडं, गो, दाराकडं." तिनं ओठ दातांत धरले आणि पुन्हा चालायला लागली. दारापासून लांब, कंदिलाच्या पलीकडच्या बाजूला ती पोचली, तेव्हा काठीचं टोक दाराकडे म्हणजेच कंदिलाकडे कललेलं होतं. तवसं कितीही फिरवलं तरी त्याचं वरचं टोक उजेडातच राहत होतं. तिथे मी खडूचा ठिपका काढला होता. ठिपका अंधारात जाईचना.

मग ती अर्धा फेरा चालून दाराजवळ आली. काठी तशीच दाराकडे, पण आता कंदिलापासून लांब कललेली. तवसं फिरत होतं आणि ठिपका अंधारातच होता.

"मावळत नाय," मॉनिटर स्वतःशीच म्हणाला. "आन् मग उगवत नाय. खरं हाय."

त्यानंतर जो गोंधळ झाला तो ऐकून गुरुजी पलीकडच्या खोलीतून धावत आले. प्रत्येकाला ठिपका बघायचा होता, प्रत्येकाला काठी धरायची होती. त्या गडबडीत तिसरीतल्या एका पोराला भलताच प्रश्न पडला. "बाई, तिकडं सा महिने रातच असंल, तर सा महिने नुसत्या गोष्टीच सांगत असतील?" दुसरा म्हणाला, "आन् सा महिने दिवस असंल तवा बिचारी पोरं काय करतील?" मी पोट धरून हसले. गुरुजी तर भिंतीला टेकून बसले.

ती मुलगी हसत नव्हती. तिनं काठी परत मागून घेतली होती आणि ती एकटीच कंदिलापाशी उभी राहून तवसं हळूहळू फिरवत होती. या बाजूनं बघायची, मग वाकून त्या बाजूनं बघायची. मी जवळ गेले. तोवर ती माझ्याशी आपण होऊन एक शब्द बोलली नव्हती. तवशाच्या उजेडातल्या भागावर बोट ठेवून तिनं विचारलं, "बाई, आपण हितं असू, तर पल्याडच्या बाजूला आता रात असंल?"

"असणारच."

"बोटी तिकडं जातात?"

"जातात. समुद्र सगळीकडे आहे."

तिनं तवसं अर्धं वळवून बघितलं. मग वर्गाकडे वळून म्हणाली, "मामा तिकडं हाय. आपला दिवस, तवा त्याची रात. मग गोष्ट चालंल."

मुलांनी मॉनिटरकडे बघितलं. मॉनिटरनं तवशाकडे बघितलं, कंदिलाकडे बघितलं, मनात काहीतरी हिशेब केला आणि मान डोलावली. मी धावत जाऊन खिडक्या उघडल्या आणि टेबलाच्या खणातून कादंबरी काढली. सगळ्या तालुक्यातल्या मास्तरांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, की या पोरीनं काय शोधून काढलंय ते बघा. मी पहिलं वाक्य वाचलं आणि मान वर केली. सगळ्यांचे हात मांडीवर होते.

मग आमची चंगळ सुरू झाली. एक दिवस खरं, एक दिवस लंगड्या बैलाचं. शहापूरच्या पेटीपुढे आता मी दोन्ही हातांनी निवडायला लागले. कारकुनाचा नियम मला इतका पटला, की तो विसरला तरी मी त्याला आठवण करून द्यायची. घाटाची गोष्ट चालू असेल तर दगड-डोंगरांच्या माहितीचं पुस्तक शोधायची, आणि डोंगरांचं वाचून झालं की एखादी डोंगरात घडणारी गोष्ट. कोणतं पुस्तक आपल्या पोरांच्या तोंडून काय प्रश्न काढील, याचा विचार करत मी एस.टी.त बसायची आणि किन्हवली कधी आलं ते कळायचं नाही. कादंबरीतली भावंडं घाटात वाट चुकली, तेव्हा मुलांनी मला थांबवलं. "कुणीतरी दिवसा गोष्ट सांगितली असंल," एक जण म्हणाला. "पण ही पोरं कुणाची मामा?" दुसऱ्यानं विचारलं. त्यावर इतका वाद झाला की त्या दिवशी बैल तिथेच उभा राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत मी कल्याणला गेले खरी, पण फराळात लक्ष नव्हतं. भाऊबीजेला मी माझ्या भावाला ओवाळत होते आणि मनात एकच होतं, वाडीवर मामा आला असेल का? नसेल आला, तर सगळं मुसळ केरात. पोरीच्या मनानं पुन्हा घेतलं असेल, की आपणच गोष्टीला मुभा दिली आणि मामा पुन्हा चुकला. या खेपेला तर तिला मी सोबत केली होती.

शाळा उघडली. वाडीवरची बरीच मुलं भट्टीवर गेली होती, त्यांच्या जागा मोकळ्या दिसत होत्या. ती मात्र खिडकीजवळ होती. मी गुरुजींकडे बघितलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. मामा आला नव्हता. मी कादंबरीला हात लावला नाही, निमूट माहितीचं पुस्तक उघडलं. तेवढ्यात ती उठून उभी राहिली.

"बाई, बैलाचं वाचा ना."

तीच मला समजावल्यासारखं म्हणाली, "बोटीला टाइम लागतो. तवसं केवढं मोठं हाय."

मी बैलाचं वाचलं. आवाज नीट लागत नव्हता, पण वाचलं. आता माझाच जीव टांगणीला लागला होता. ती जितक्या शांतपणे ऐकायची, तितकी मी मनात म्हणायची, अरे बाबा, ये एकदाचा. कादंबरी संपत आली तशी मी मुद्दाम हळू वाचायला लागले. रोज थोडं थोडं. मुलं कुरकुरत, पण मी दाद देत नसे.

शिमगा जवळ आला होता. शेतं रिकामी झाली होती, नुसते भाताचे खुंट उरले होते. भावंडं बैलाला घेऊन घाटमाथ्यावर पोचली होती आणि वैद्याचं घर समोर दिसत होतं. माझा आवाज टिपेला गेला होता. मान वर करून बघते तर सगळी बोटं पुन्हा कानात. मग लक्षात आलं की कुणी माझ्याकडे बघतच नाहीये, सगळे खिडकीबाहेर बघताहेत.

शाळेपुढून जाणाऱ्या पायवाटेवर, आंब्याच्या सावलीला, एक वाळलेला माणूस डोक्यावरची पत्र्याची ट्रंक खाली ठेवून घाम पुसत होता. अंगात निळा, परदेशी वाटावा असा जाड सदरा.

"मामा," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली.

मॉनिटर उठून माझ्या टेबलाशी आला. "बाई, पुस्तक मिटा लवकर. आता तो आपल्या दिवसात हाय."

मी पुस्तक असं मिटलं की पानांचा फट आवाज झाला. "जा," मी तिला म्हटलं. "घरापर्यंत पोचव त्याला." ती गेली. तिनं ट्रंकेची एक कडी धरली, त्यानं दुसरी धरली आणि दोघं शेतातून वाडीकडे निघाली. आम्ही सगळे ओसरीवर येऊन उभे राहिलो, पहिली-दुसरीची पोरंही आली, गुरुजीही आले. दोघं बांधावरून चालत गेली, ओढ्यात उतरली आणि दिसेनाशी झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्याची खरोखरीची भीती वाटली. मग ओढ्याच्या पलीकडच्या काठावर आधी ट्रंक वर आली आणि मागोमाग दोन डोकी.

वाडीवरून तिच्या आईचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण तो आवाज कशाचा आहे हे पहिलीतल्या पोरालाही कळलं. मी पदरानं डोळे पुसले. गुरुजी दुसरीकडे बघत होते.

"पोचला," मॉनिटर म्हणाला. सगळी मुलं आत जाऊन जागेवर बसली. मी पुस्तक उघडलं नाही. ती नव्हती, आणि वैद्याच्या घराचं दार तिच्याशिवाय वाजवायचं माझ्या जिवावर आलं होतं. आम्ही नुसते बसून राहिलो.

थोड्या वेळानं खुंट तुडवत ती एकटीच पळत येताना दिसली. आत आली, धापा टाकत खिडकीजवळ बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"अगं, मामा?" मी विचारलं.

"जेवतोय," ती म्हणाली. "वाचा, बाई. आता कुणी वाटंवर नाय."